कानावरची गाठ

प्रिय धाकट्या,

अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, हे डाव्या हाताचे उपद्व्याप. पोलीस दोनदा येऊन गेले. मारणाऱ्यांपैकी कुणाला ओळखलं का, एवढंच विचारतात. लंबूला विचारून उपयोग नाही. आमच्या प्रयोगशाळेतलं एवढं बडबडं माणूस, जबडा तारेनं बांधून पडलंय. आणि त्याचा डावा डोळा गेला तो गेलाच.

तुला आपली सांडपाण्याची टाकी आठवते का रे? बाबा शुद्धीकरण केंद्रात नोकरीत होते तेव्हा आपल्याला कठड्यावर उभं करायचे. खालच्या त्या तपकिरी, खदखदत्या पाण्यात अख्ख्या शहराची घाण खाऊन जगणारे जंतू. हे आपलं खटलं, आपला संसार, म्हणायचे, यांची पोटं सांभाळा, नदी आपोआप सांभाळली जाते. आणि नाकाला फडकं बांधायचं तर गाठ उजव्या कानावर, एक टोक सुटं. वायूनं जीव घुसमटला तर एका हिसक्यात सुटलं पाहिजे. गाठ मागे बांधली की टपली. सगळ्यात जास्त टपल्या तूच खाल्ल्यास.

तर ते खटलं मेलं. त्या दिवशी सकाळी कामावर गेले तर टाकीवर पांढरा फेस कमरेएवढा, आणि रोजचा ओल्या मातीचा वास जाऊन कुजका भपकारा. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. देठावर डोलणारे ते घंटेसारखे जीव, तू त्यांना बघून खिदळायचास, सगळे तोंड मिटून थिजलेले. गाळाच्या गुठळ्या फुटून चुरा झालेल्या. अमोनिया खाणारे तर सगळ्यात नाजूक, वाढायला हळू आणि मरायला पहिले. ते गेले की अमोनिया थेट नदीत, मग मासे पालथे. कत्तल होती ती, दुसरा शब्द नाही. आणि ही तिसरी वेळ. दोनदा दुसऱ्या केंद्रातून जिवंत गाळ आणून विरजण लावलं, तान्ह्या पोरासारखं जपलं. दर वेळी विष पचवलेले चार निर्ढावलेले तेवढे उरतात. स्वतः जगतात मेले, कामाला मात्र शून्य.

माझं डोकं फिरलं. पाण्यात क्रोमियम निघालं होतं, आणि त्या बाजूला धातूला मुलामा देणारा प्लेटिंगचा कारखाना एकच, तुझ्या मालकाचा. लंबूला घेऊन मी कारखान्यामागच्या गल्लीत गेले, गटाराचं झाकण उचललं. पिवळंधमक पाणी वाहत होतं. लंबूनं बाटली खाली सोडली तोच चौघं आले, तोंडं बांधून. पहिली सळई लंबूच्या तोंडावर बसली. दात झाकणावर पडल्याचा आवाज अजून कानात आहे. तो आडवा झाला तरी लाथा थांबेनात. मी झाकण उचलायचा आकडा फिरवला आणि एकाचा गुडघा फोडला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आणखी एक हाती लागला असता तर त्याचाही फोडला असता. तेवढ्यात चौथ्यानं माझ्या हातावर सळई घातली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. त्यानं पुन्हा सळई उगारली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ती टाकून पळाला.

तिघांच्या फडक्यांची गाठ डोक्यामागे होती. चौथ्याची उजव्या कानावर, एक टोक सुटं.

आज सकाळी मी पोलिसांना तुझं नाव सांगितलं. आईनं पाय धरले माझे, तरी सांगितलं. लंबूच्या उरलेल्या डोळ्यासमोर बसून मला गप्प राहता येईना. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून पत्र तुझ्या बायकोच्या हाती देतेय. पळू नकोस, गाढवा. ते दार ठोठावण्याआधी तू आपल्या पायांनी चौकीत जा, आणि ते पाणी कुणाच्या हुकमानं सोडता तेही सांग. सोमवारी विरजणाचा टँकर येतोय, मी कठड्यावर असेन. एका हातानं फडकं सोडता येतं रे, बांधता येत नाही.

हात मोडलास तरी तुझीच,
ताई