रोलरवाल्याचं मऊ अंगण

सन्माननीय व्याहीबुवांस,

मुलाच्या बापानं मान जराशी खाली घालून केलेला नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? तुमच्या रोपवाटिकेतली रोपं मजेत असतीलच, त्यांना काय धाड भरली आहे! इकडे आम्ही सगळे खुशाल, माझी कंबर सोडून. आता तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना पत्राचा हा उपद्व्याप कशाला? तर मी पडलो तीस वर्षं रोड रोलरवर बसून ओरडत बोललेला माणूस. मी कानगोष्ट केली तरी चौथ्या घरात बातमी पोचते, आणि हे प्रकरण तुमच्या मुलीच्या कानावर जायला नको आहे.

प्रकरण मागच्या अंगणाचं. तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा मागचं दार उघडून म्हणाला होतात, हे अंगण आहे की विमानतळ? मी हसलो, पण मला ते लागलं होतं (अजून थोडं लागतं). अहो, ते अंगण मी स्वतः केलेलं. सव्वीस वर्षांपूर्वी काम बंद असलं की रोलर उभा करायला जागा हवी, म्हणून खाली जाड खडी, वर बारीक, त्यावर मुरूम, आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलरच्या बारा-बारा फेऱ्या. आजवर एक भेग नाही. पण आपली नात आता रांगते (नाक तुमचं, आवाज माझा, बिचारी). मागच्या महिन्यात ती मागच्या दारातून सटकली आणि खडीवर दोन्ही गुडघे सोलून घेतले. त्या दिवशी तुमची मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, की बागेशेजारच्या इमारतीत एक फ्लॅट रिकामा आहे आणि पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत मालकांना कळवायचं आहे. भांडली असती तर मीही भांडलो असतो, पण शांत माणसापुढे करता काय? मी म्हणालो, त्याच्या आत अंगण मऊ करून देतो. ही पोर गेली तर सकाळी माझ्या मिश्या ओढून मला उठवणार कोण? आमची ही तर गेली चाळीस वर्षं मला उठवायचं टाळतेच आहे.

तुम्ही मागे सल्ला दिला होतात, की आधी दोन दिवस पाणी मुरवा, मग उकरा, मग पालापाचोळा आणि शेणखत मिसळा, आणि उकरलेल्या मातीवर चुकूनही पाय देऊ नका. मी हो हो म्हटलं आणि काडीचंही ऐकलं नाही (रस्त्याच्या माणसाला जमीन शिकवायला निघाले, असं मनात म्हणालो, माफ करा). कोरड्यातच पहार हाणली. ठिणगी उडाली, माझे दात वाजले, आणि जमिनीवर साधा ओरखडा नाही. खरं सांगू? मला आनंद झाला. काय काम केलं होतं मी! हिला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, शाबास, आता खेळा स्वतःच्याच कामाशी कुस्ती.

मग निमूटपणे पाणी मुरवलं, टिकाव घेतला, आणि दहा दिवसांत दोन सतरंज्यांएवढा तुकडा हातभर खोल फोडला. खडी चाळून बाजूला काढली, खत मिसळलं, माती कशी भुसभुशीत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना दाखवायचं ठरलं, आणि इथेच घात झाला. उजाडताना जाऊन पाहतो तर सगळं वरखाली, एक कोपरा तर चांगला चार बोटं उंच! आता लोक यायचे आणि असला रस्ता (अंगण हो, अंगण) बघायचे? म्हटलं, जरा हात फिरवावा. हात फिरवला. मग थोडं पाणी मारलं. मग कोपऱ्यात जमीन ठोकायचं चोपणं दिसलं. मग दोरी लावून लेव्हल पाहिली. तासाभरात काम असं देखणं झालं की माझे डोळे निवले. तुमची मुलगी आली, तिनं त्यावर टाच आपटली, ठण् असा आवाज आला. नातीला कडेवर घेऊन आत गेली. व्याहीबुवा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हातांनी हे घर उभं केलं तेच आता घर रिकामं करायला निघाले की काय, असं वाटलं.

पण माणूस चिवट आहे. हिनं चोपणं माळ्यावर टाकलं आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली. मी पुन्हा श्रीगणेशा केला, या वेळी तुमच्या शब्दाबाहेर न जाता. आता त्या तुकड्यात मनगटापर्यंत हात जातो. परवा त्यात एक गांडूळ निघालं. एवढासा जीव, पण मी असा ओरडलो की हिला वाटलं साप चावला. काल नातीला तिथं बसवलं, तर तिनं मूठभर माती तोंडात कोंबली. तुमच्या मुलीनं बोट घालून ती काढली, पण हसत काढली. मी पाहिलंय ते हसणं. अर्ध्याहून जास्त अंगण अजून टणक आहे, दिवस उरलेत नऊ, पण जमेल असं वाटतं. बाकी काम काहीच नाही, सहज कळवावं म्हणून लिहिलं.

तुमचा,
व्याही

ता. क. काम आहे. आठ दिवस राहायच्या तयारीनं या. खणायचं मी खणेन. तुम्ही फक्त खुर्ची टाकून बसा, आणि मी फावडं उलटं धरून माती थापटायला लागलो की खडसावा. घरातलं कुणी मला बोलत नाही, सगळ्यांना माझी दया येते. तुम्हाला येणार नाही, याची खात्री आहे.

आणखी एक. मी बोलावलं हे तुमच्या मुलीला कळू देऊ नका. सहज आलो म्हणा. माझे हात मातीनं भरलेत, म्हणून पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतोय. ती दुसऱ्यांची पत्रं वाचणाऱ्यांतली नाही.

अप्पा, पाकीट चिकटवण्याआधी मी वाचलं. परवा ते गांडूळ निघालं तेव्हा त्याला ऊन लागू नये म्हणून बाबा त्याच्यावर हातांची सावली धरून बसले होते. मी तिथूनच आत गेले आणि फ्लॅट नको म्हणून कळवून टाकलं. तुम्ही नक्की या. फक्त बाबांना एवढ्यात काही सांगू नका, अजून अर्धं अंगण बाकी आहे.