फ्लोराइड हटाव, सह्या तीनशे

११ जुलै, गुरुवार
ठरलं. दातांसाठी म्हणून गावच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालतात, ते बंद पाडायचं. व्हिडिओ अर्धाच पाहिला, पण मुद्दा कळला. नगरपालिकेत विचारून आलो. तीनशे मतदारांच्या सह्या आणल्या तर नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर हा प्रश्न येतो, गाव हो-नाही ठरवतं. मुदत २० ऑगस्ट, संध्याकाळी पाच. चाळीस दिवस, रोज आठ सह्या. झोपेत करीन. सगळ्या विस्कॉन्सिनला कळेल एमेट कोण ते.

वेर्ना आत्याला सांगितलं. ती म्हणाली, मधमाश्या झाल्या, मोंटानात कुंपणं घालून झाली, वेल्डिंगचा कोर्स निम्मा झाला. हे एक तरी तडीस ने. नाहीतर एक सप्टेंबरला माझं तळघर रिकामं कर, मला तिथे शिवणयंत्र लावायचंय. आत्याचं प्रेम असंच असतं.

१३ जुलै
मोहीम सुरू. पहिल्या घरी नाही म्हणाले. दुसऱ्या घरी कुत्रं. तिसऱ्या अंगणात एक होडी विकायला ठेवलेली. मालकाशी तिच्याबद्दल बोललो, तळ्यावर नेऊन वल्हवूनही पाहिली. संध्याकाळ झाली. सही राहिली, पण संबंध जुळले. राजकारणात संबंध महत्त्वाचे.

२९ जुलै
एकूण सह्या नऊ. एक आत्याची.
पोस्टात अर्विडकाका भेटले. पाणी केंद्रात बावीस वर्षं फ्लोराइड घालतात ते हेच. मी म्हणालो, काका, तुमचे दिवस भरले. ते म्हणाले, बाळा, दहा लाख थेंबांत एक थेंबसुद्धा नसतो, येऊन बघ एकदा, कॉफी पाजतो. साफ घाबरलेत.

१० ऑगस्ट
सह्या नऊच. हवा फार गरम.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
रणनीती बदलली. लोकांकडे जायचं नाही, लोक येतात तिथे बसायचं. दर शुक्रवारी गाव माजी सैनिकांच्या हॉलमध्ये तळलेले मासे खायला जमतं, आणि मग मांसाची सोडत. कागदावर नाव, पत्ता, सही. नंबर लागला की आख्खा हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, नाहीतर बरगड्या घरी. सोडतीच्या टेबलापाशी पंखा होता. हॅम जरा बाजूला सरकवला आणि माझे कागद मांडले.

साडेआठ. घरी.
दोनशे सत्त्याण्णव. एका बैठकीत. आधीच्या नऊ धरून तीनशे सहा. रांग दारापर्यंत. कोणी एक प्रश्न विचारला नाही, इतकी जागृती. काही जण पुन्हा रांगेत आले, दुसऱ्यांदा सही करू म्हणाले. मीच थोपवलं.
आणि अर्विडकाका. त्यांनी स्वतः सही केली. वर हळूच म्हणाले, हॅमपेक्षा बरगड्या निघाल्या तर बरं. फ्लोराइड हाडांत उतरतं असं व्हिडिओत होतं. मन खातंय बिचाऱ्याचं.

१७ ऑगस्ट
रस्त्यात चौघांनी विचारलं, निकाल कधी? नोव्हेंबरात, म्हणालो. चौघांचे चेहरे उतरले. एक म्हणाला, तोवर टिकणार कसं ते? लोकशाहीची एवढी काळजी मी कुठे पाहिली नाही.

२० ऑगस्ट, ४.४०
नगरपालिकेच्या कारकून ओडेगार्डबाई, त्यांच्या खिडकीत कागद दिले. मुदतीच्या वीस मिनिटं आधी. आयुष्यात प्रथमच.

२२ ऑगस्ट
सोडतीचं कळलं. लोकांनी माझे कागद सोडतीचेच समजून सह्या केल्या. आत्यानेच सांगितलं, हसता हसता तिला बसायला खुर्ची लागली. हॅम कोणालाच मिळाला नाही, गाव माझ्या नावाने शंख करतंय. ओडेगार्डबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सही ती सही, काय समजून केली ते मी विचारत नसते.
म्हणजे जिंकलोच. नोव्हेंबरसाठी कोट बघायला हवा.

२३ ऑगस्ट
बाईंनी बोलावलं. तीनशे सहाच्या तीनशे सहा सह्या बरोबर. पत्ते बरोबर. अर्विडकाकांचं अक्षर तर मोत्यासारखं. पण प्रत्येक पानाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याने आपली सही करायची असते. तिथे कोरं. सगळ्या पानांवर कोरं. मी म्हणालो, पेन द्या, आत्ता करतो. त्या म्हणाल्या, पेन घे रे, पण मुदत मंगळवारी संपली. अर्ज बाद.

घरी आलो. आत्या भांडी पुसत होती. झालं का तडीस, म्हणाली. मी सांगितलं, एका माणसाची सही राहिली.
ती म्हणाली, एकाचीच ना? मग जा आणि घेऊन ये. असा कोण मोठा लागून गेलाय?