सात ओढ्यांचं शहर

९ सप्टेंबर

ती. दादास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सूनबाई चहात साखर घालू देत नाही ही तक्रार वाचली आणि मी तिच्याच बाजूची झाले.

आता इकडचं. शनिवारी वरच्या खिंडीत कडा कोसळला आणि दरी बुजली. मागे पाणी तुंबून तळं झालंय, रोज हातभर चढतंय. तारेचे खांब पडले, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. नगरपालिकेचा इंजिनिअर, तुझा चौथीतला तो नकाशाबहाद्दर, रविवारी सुरुंग लावून पाणी सोडणार. ते सात ओढ्यांत विभागून खाली जाईल म्हणतो. ओढ्याकाठची माणसं हलवून आमच्या कुंभारआळीत आणलीत. आपल्या घरी चौदाजण आहेत, त्यात एक बाळंतीण. तुझ्या खोलीत तीन म्हातारे एकमेकांच्या घोरण्यावरून भांडतात. आळी अगदी सुरक्षित, असं त्याने सभेत सांगितलं आणि पुरावा म्हणून तुझंच पुस्तक उघडून दाखवलं. माझी मान किती ताठ झाली म्हणून सांगू!

गोळ्या वेळेवर घे. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भिंगरी


११ सप्टेंबर

चि. भिंगरीस अ. उ. आ.

हे उभ्याउभ्याच वाच आणि सगळ्यांना घेऊन आळीबाहेर पड.

ओढे सात नाहीत, आठ आहेत. आठवा आपल्या आळीतून जातो. वर्षानुवर्षं कोरडा असे, म्हणून आजोबा त्याला मुकी म्हणत. तू जन्मायच्या आधी, मी सहा वर्षांचा असताना, तो वाहताना मी पाहिलाय. कुंभारांची मडकी बदकांसारखी डुलत चालली होती आणि मी खुळा टाळ्या पिटत होतो. अजून डोळे मिटले की दिसतात ती मडकी.

पुढे पात्र बुजलं, वर घरं झाली. शहराचा इतिहास-भूगोल मी लिहायला घेतला तेव्हा पोरांना पाठ व्हावं म्हणून कविता केली:

सात बहिणी डोंगरलेकी
उतरत येती एकामागे

चालीत आठ बसेनात. आठवडाभर झटलो आणि मुकीला गाळलं. कवितेशी जुळावं म्हणून नकाशातूनही गाळलं. कोरडीच तर आहे, म्हटलं. चाळीस वर्षं पोरांनी तेच घोकलं, त्या इंजिनिअरनेही.

त्याला सहज पटणार नाही. त्याला विचार, खिंडीतून उतरणारे व्यापारी वेशीबाहेरच्या माळावर तळ टाकत, सगळा बाजार तिथे. मग कुंभार तो माळ सोडून इथे का वसले? गाळाची माती हाताशी होती म्हणून. ती माती कोणी आणून टाकली? तरी नाही म्हणाला, तर अंगण खणायला लाव. गोल गोटे लागतील. डोंगरातून सुटलेला दगड धारदार असतो, त्याला गोल करायला वाहतं पाणीच लागतं.

हे पत्र चारचौघांत वाचून दाखव. माझ्या अब्रूकडे बघू नकोस.

तुझ्या चार ओळींसाठी जीव टांगून बसलेला,
दादा


१५ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

बस घाटात अडकली, त्यामुळे तुझं पत्र रविवारी नऊला हातात पडलं. सुरुंग दहाला उडायचे होते.

खरं सांगते, तुझी कबुली मी आधी लपवली. इथे एक ओढा होता असं आजोबा सांगायचे, एवढंच इंजिनिअरला म्हटलं. तो हसला. मावशी, मास्तर कधी चुकतील का, असं मलाच विचारायला लागला. तुझं नाव राखण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. मग आत बाळंतिणीचं पोर रडलं आणि मी पत्रच त्याच्या हातात कोंबलं. ते वाचून त्याने स्वतः कुदळ घेतली. मांडीइतक्या खोलीवर गोटे लागले, अंड्यासारखे गुळगुळीत. सुरुंग थांबवायला त्याने सायकलवर माणूस पिटाळला आणि आळी रिकामी करायला घेतली.

साडेअकराला खिंडीतला दरडीचा बांध आपोआप फुटला. पाणी आळीतून गेलं. तुझी खोली गेली, माझं शिवणयंत्र गेलं. माणूस एकही गेलं नाही.

शेजारचा रंगारी म्हणाला, मास्तरांनी एका कवितेपायी आमची पोरं बुडवली असती. मी त्याला अडवलं नाही. दोन दिवस मीही मनातल्या मनात तुला हेच बोलत होते.

आता आम्ही तीनशेजण शाळेमागच्या पठारावर तंबूत आहोत. त्या पठाराला तुझ्या पुस्तकात 'अढळ' म्हटलंय. दादा, ते पाहून लिहिलंस की यमकासाठी? पहिल्या बसने कळव. इंजिनिअर दर तासाला मला हेच विचारतो.

तुझी भिंगरी


१६ सप्टेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

पठार मी पायी फिरून पाहिलंय. खडक एकसंध आहे. फक्त उत्तरेच्या कडेला एक तडा आहे, हात आत जाईल एवढा. तो मी लिहिला नाही. 'अढळ' शब्दापुढे शोभेना. त्या कडेचे तंबू आत्ताच्या आत्ता पन्नास पावलं आत घ्या.

हे पत्र सकाळच्या बसने देतोय, दुपारच्या बसने मी निघतोय. रंगाऱ्याला सांग, तोंडावर बोल म्हणावं.

दादा