मुरघास उघडला त्या दिवशी

प्रिय धाकटे,

शेण काढून झालं होतं, दोन गायींचं दूध निघालं होतं आणि तिसरी नेहमीसारखी लाथा झाडत होती. तेवढ्यात तुझे बाबा हसत आले. हाताला आंबूस वास. मुरघासाच्या खड्ड्यावरचा प्लास्टिकचा कागद कोपऱ्यात उचकटून आत हात घातला होता यांनी! हिरव्या मक्याची कुट्टी करून, दोन दिवस तुडवून खड्डा भरल्याला जेमतेम वीस दिवस झाले होते. मी म्हटलं, पुस्तकात पंचेचाळीस लिहिलेत, लग्नाच्या वेळीही तुम्हाला असाच दम निघत नव्हता. त्यावर म्हणाले, म्हणून तर तू मिळालीस. कोपरा चिखलाने लिंपून टाकला. त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले.

पुढचं तुला माहीतच आहे. गायी विकून माझ्याकडे ये म्हणालीस, रविवारचा व्यापारीही ठरवलास. मी हो म्हटलं, ते मनापासूनच.

पण शुक्रवारी सुका चारा संपला. विकायच्या झाल्या म्हणून उपाशी कशा ठेवू? खड्डा उघडला आणि बघतच राहिले गं. बाहेर उन्हाने गवताची काडी उरलेली नाही, आणि आत तीन महिन्यांपूर्वीचा मका पिवळसर हिरवा, ओलसर, पिकल्या फळासारखा घमघमत होता. ना कोणी पाणी घातलं, ना राखण केली. हवा नसली की चारा आपल्याच आंबटपणात टिकतो, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि ओंजळीत धरणं वेगळं. त्यांनी उघडलेल्या कोपऱ्यात तेवढी तळहाताएवढी काळी बुरशी होती. गायींना ती चालत नाही, म्हणून खरवडून उकिरड्यावर टाकली. टाकताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू? बाकीचा मुरघास लाथाडीनेसुद्धा गव्हाण चाटूनपुसून खाल्ला.

मुरघास एकदा उघडला की रोज वीतभर काढावाच लागतो, नाहीतर हवा लागून सगळा नासतो. तिघींना पावसापर्यंत पुरेल असा बाबांनी मापून भरला होता. हे पत्र त्यासाठीच, कारण फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस. रागावशील, रागाव. पण ठरलेलं मोडलं ते मी, व्यापाऱ्याला बोल लावू नकोस. शनिवारी सकाळी मी वीतभर चारा काढून गायींना घातला, हात धुतले आणि त्याला येऊ नका म्हणून कळवलं.

तुझीच,
आई