काळ्या शाईतलं लाल बोट

१२ नोव्हें., अंथुर्णे
चित्र झालं. नऊ कागद वाया, दहावा जमला. काय काढायचं ते आधी ठरवलं की रेघ मरते, म्हणून ठरवलं नव्हतं. उजवीकडे मोठी जागा कोरी राहिली. भरावीशी वाटली नाही. घरात दाखवायला फक्त वडील, तात्या. दाखवलं नाही.

१४ नोव्हें.
बारामतीच्या क्लासच्या सरांना फोटो पाठवला. "रविवारी आण. प्रदर्शनात लावू. फक्त काळी शाई, नियम लक्षात हाय न्हवं?" माझं चित्र पहिल्यांदाच कुणी मागितलं. तात्यांना सांगितलं.
"काय काढलंय?"
"काही नाही. रेघा."
"मग नेतुयास कशाला?"

१६ नोव्हें.
कामावरून आलो. कोऱ्या जागेत लाल ठसा. गेरूत बुडवलेलं तात्यांचं बोट.
"लोकांची बी चित्रं असत्याल की तितं. मिसळली तर वळकायचं कसं?"
मेंढरं होती तेव्हा दुसऱ्याच्या कळपात जाऊ नयेत म्हणून पाठीवर असाच गेरू लावायचे. मेंढरं विकून सहा वर्षं झाली.
मी ओरडलो. "माझं एक तरी माझं राहू द्या!"
ते बाहेर जाऊन बसले. जेवले नाहीत.

१७ नोव्हें.
ते बघून नवीन काढलं. तीनदा. प्रत्येक रेघ जागेवर गेली, पण कुठे जायचं ते हाताला आधीच ठाऊक. तिन्ही कागद फाडले. तात्या बोलत नाहीत. मीही.

१८ नोव्हें.
ठशावर खोडरबर हलका फिरवून पाहिला. कागद सोलायला लागला. थांबलो.

१९ नोव्हें., रवि.
बारामतीला गेलो. सरांनी बराच वेळ पाहिलं.
"लाल कुणी लावलं?"
सांगितलं. मला वाटलं, हसतील.
"तेवढं झाकून बघ बरं."
हाताने झाकलं. चित्र एका बाजूला कलंडल्यासारखं झालं. हात काढला. परत झाकून खात्री केली.
"नियमात बसत न्हाय. फॉर्मवर दोघांची नावं लिही, मी समितीशी बोलतो. न्हायतर बुधवारपर्यंत दुसरं आण. काळंच."
चित्र आणि फॉर्म घरी आणले. माझं नाव लिहिलं. मग तात्या म्हशीला पाणी पाजत होते तिथे गेलो. तीन दिवसांनी पहिलं बोलणं.
"तात्या, चित्रावर तुमचं पण नाव घालू का?"
त्यांनी बादली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं.
"कशापायी?"
चित्र आणून त्यांच्यापुढे धरलं, लाल ठसा हाताने झाकला. मग हात काढला.