राक्षस म्हणू नका, आबा

नागपूर, ३ सप्टेंबर २०२४

चि. अस्मितास अनेक आशीर्वाद.

ऊर्मीच्या वाढदिवसाच्या ड्रेसचं माप मिळालं. चाळीस वर्षं कात्री चालवतोय, पण बारा वर्षांच्या पोरीचं असलं माप कधी पाहिलं नाही. इंच-सेंटिमीटरचा घोळ घातला असशील, दुसरं काय! मी आपल्या अंदाजाने बेतून पाठवलाय.

तिने प्रोजेक्टसाठी विचारलं होतं, नॉर्स लोकांच्या जुन्या गोष्टींतल्या जायंटना मराठीत काय म्हणायचं. राक्षस म्हणावं. आणि माप खरं असेल तर घरातच एक राक्षसीण आहे, असंही सांग तिला.

थंडीत कान झाकत जा.

तुझे आबा

हॅमिल्टन, २४ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आबांना शि. सा. नमस्कार.

ड्रेस खांद्यातच अडकला. माप बरोबर होतं, आबा. ऊर्मी माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय. दोन वर्षं मी कौतुकाने सांगत फिरले, बघा कशी ताडमाड वाढतेय. आता डॉक्टर म्हणतात, मेंदूखाली गाठ आहे, तीच हिला वाढवतेय. डिसेंबरमध्ये नाकातून ऑपरेशन करतील. गाठीने डोळ्यांची नस दाबली तर नजर जाऊ शकते. डोळ्यांची मोठी तपासणी अजून व्हायचीय. तोवर मी तिला रोज बसवरच्या पाट्या वाचायला लावते. ती घडाघडा वाचते, तरी मी पुढची पाटी दाखवतेच. तुमचे जावई मला धीर देतात आणि स्वतः बेसमेंटमध्ये एकटेच जाऊन बसतात.

सोबत ऊर्मीची चिठ्ठी आहे. मला वाचू दिली नाही, चिकटवूनच दिली.

आमच्यावर लक्ष असू द्या.

अस्मिता

तीर्थस्वरूप आबांना साष्टांग नमस्कार. हे आईने शिकवलंय.

राक्षस म्हणू नका, आबा. त्यांचं नाव योटुन. इंग्लिशमध्ये जायंट केलं, म्हणून सगळ्यांना वाटतं ते मोठेच होते. टीचर म्हणाली, खूप जण नॉर्मल साइझचे होते, काही सुंदर पण. देवांनी त्यांच्याशी लग्नं केली. त्या शब्दाचा अर्थ कदाचित खाणारा असेल, पण नक्की कुणालाच माहीत नाही. मी योटुनच ठेवलंय.

एक सीक्रेट आहे. मला समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही. बसची पाटी दिसते, म्हणून आईला कळलं नाही. लंचला मुलं बाजूला उभी राहून जायंट म्हणतात, तोंडं वेडीवाकडी करतात. ती दिसत नाहीत, ते मला बरं वाटतं. सांगितलं तर ऑपरेशन लवकर करतील. मला खूप भीती वाटते. आईला सांगू नका.

तुमची ऊर्मी

हॅमिल्टन, ३ डिसेंबर २०२४

तीर्थरूप आबांना शि. सा. नमस्कार.

चिठ्ठी वाचल्यावर तुम्ही फोन केलात. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, तरी तेच तेच ओरडून सांगत राहिलात आणि शेवटी रडलात. ते मी विसरणार नाही. त्याच दिवशी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं, आठवड्यात ऑपरेशन झालं. आणखी थांबलो असतो तर नजर परत आली नसती, असं डॉक्टर म्हणाले. सीक्रेट फोडलंत म्हणून ती तुमच्यावर रुसलीय, रुसू दे. गाठीचा तुकडा उरलाय, औषधं चालू आहेत. माझी भीती काही गेलेली नाही.

काल पहिल्यांदा शाळेत गेली आणि रडत घरी आली. म्हणाली, बाजूची सगळी मुलं दिसतात. मी तिला पोटाशी धरलं, आणि आबा, मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

तुमचा हात डोक्यावर असू द्या.

अस्मिता