गाळ्यातले अकरा दोष आणि माझा राजीनामा

छत्रपती संभाजीनगर
गुरुवार

तीर्थस्वरूप बन्सीदाजींना,

धाकटा मेहुणा बद्रीनाथ याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघा आता ओटा चढू देतो का? अक्काची शुगर किती आहे? (खरी कळवा. ती सांगते ती मला माहीत आहे.) नाथबाबांच्या कृपेनं इकडं सर्व ठीक आहे, म्हणजे अजून तरी आहे. फोन मुद्दाम केला नाही. तुमचा फोन अक्का उचलते, आणि अक्काला कळलं की सगळ्या फुलंब्रीला कळतं.

चितेगावच्या कंपनीत मला स्टोअरकीपर होऊन चोवीस वर्षं झाली. आलेला माल तपासायचा, दोष लिहायचे, सही करायची. कंपनीची बस संध्याकाळी इतकी वेळेवर परत येते की सौ. सत्यभामा बसचा हॉर्न ऐकून तव्यावर भाकरी टाकते. अशा सुखात शेजारच्या विश्वजीतनं खडा टाकला. तो दुकानं, शोरूम, ऑफिसच्या जागा भाड्यानं मिळवून देतो. म्हणाला, ‘काका, भागीदार व्हा. तुमचं तोंड बघून माणूस विश्वास ठेवतो.’ (आरशात पाहिलं. तसं काही आढळलं नाही.) पण नोकरी सोडूनच या, अर्धवट नको, अशी त्याची अट. उत्तर सोमवारी द्यायचं आहे. आमच्या मेघाच्या इंजिनीअरिंगची दोन वर्षं बाकी आहेत, आणि पन्नाशीतला स्टोअरकीपर एकदा दाराबाहेर गेला की त्याला परत आत कोण घेणार?

म्हणून आधी एक रविवार त्याच्याबरोबर जाऊन पाहिलं. जालना रोडवर एक नवा गाळा होता. गिऱ्हाईक निजामुद्दीनशेठ, कापडवाले. विश्वजीत त्यांना काचा आणि लायटिंग दाखवत होता. मी सवयीनं खिशातला कागद काढला आणि लिहीत गेलो. शटर डावीकडं अडकतं, छताला ओल, फरशी पोकळ वाजते, पाणी टँकरचं. अकरा दोष झाले. खाली तारीख घातली, सही केली आणि कागद शेठच्या हातात दिला. माल तपासला की कागद द्यायचाच, असं माझ्या हातालाच वळण आहे. विश्वजीतचा चेहरा फरशीसारखा झाला. शेठनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, ‘भाई, तुम्ही दुकान दाखवायला आलात की मोडायला?’

मला वाटलं, सुटलो. नापास झालो, आता गुपचूप भाकरी खायची. पण शेठनं तोच कागद मालकापुढं ठेवून भाडं उतरवलं आणि गाळा घेऊन टाकला. वर त्यांचे दोन व्याही जागा शोधतायत, त्यांना ‘वो लिस्टवाले चाचा’च पाहिजेत म्हणे. मालक आता माझं नाव घेत नाही. विश्वजीत म्हणतो, काका, लई भारी, फक्त पुढच्या वेळी यादी सहाची करा. दाजी, दोष अकरा असताना सहा कसे लिहायचे? तेव्हापासून झोप नाही.

सत्यभामेला विचारलं. ती म्हणाली, ‘मला काय इचारता? भाकरी कवा टाकायची तेवढं सांगा.’ मग एकादशीला राजीनामा लिहून पैठणला गेलो आणि नाथांच्या पायाशी ठेवला. पुजाऱ्यांनी तो उचलून, त्यावरच पेढा ठेवून, माझ्या हातात दिला. आता कागद परत दिला म्हणजे नाथ नको म्हणाले, की प्रसाद घालून दिला म्हणजे जा म्हणाले? पुजाऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘पुढं सरका.’ याचाही मी पुष्कळ विचार केला. पेढ्याच्या तुपाचा डाग मात्र बरोबर माझ्या सहीवर पडला आहे, आणि डागाळलेला कागद मी आजवर कधी कुणाला दिलेला नाही.

अक्काला नमस्कार, पण बाकी काही सांगू नका.

तुमचा
बद्रीनाथ

ता. क. : तो राजीनामा सोबत जोडला आहे. तुमच्या लोखंडी पेटीत, जमिनीच्या कागदांखाली ठेवा. सोमवारच्या आत मी मागायला आलो, तर देऊ नका. रडलो तरी देऊ नका. जेवू घाला आणि परत पाठवा. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानात राजीनाम्याची एक झेरॉक्स काढून ठेवली. नुसती असावी म्हणून. तुपाचा डाग झेरॉक्समध्ये उठत नाही.